एजन्सीच्या त्या फोनबद्दल

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल बोलता बोलता तू सहज सांगून गेलीस, "एका रिक्रूटमेंट एजन्सीचा फोन आला होता, मी नको म्हटलं. माझी नोकरी मी माझ्या हिमतीवर मिळवीन, मध्ये कोणी नको." तुझी ही जिद्द मला लहानपणापासून ठाऊक आहे आणि ती मला आवडतेही. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. चार महिने तू रात्री जागून अर्ज भरते आहेस आणि बहुतेकांकडून साधं 'नाही' सुद्धा येत नाही. फोनवर हे सगळं बोलले असते तर तू मध्येच "आई, पुरे" म्हणाली असतीस. म्हणून लिहिते आहे.

मी इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडे बसले, माणसं निवडणाऱ्यांच्या बाजूला. तिथून तुझा अर्ज कसा दिसतो ते तुला कोणी सांगितलेलं नाही.

एका जागेची जाहिरात दिली की अर्जांचा ढीग यायचा. मन लावून वाचायचं ठरवलं तरी एका अर्जाच्या वाट्याला मिनिटभरसुद्धा येत नसे. आता तर कितीतरी कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जातो, तिथे ठरावीक शब्द शोधले जातात आणि मग उरलेले अर्ज माणसासमोर येतात. उत्तर येत नाही म्हणून तू स्वतःला कमी समजायला लागली आहेस, हे तुझ्या आवाजात कळतं मला. सोनू, तुझा अर्ज कदाचित कोणी उघडलेलाच नसेल.

त्या ढिगाशेजारी एजन्सीने पाठवलेली चार-पाच नावं असायची. आम्ही आधी ती वाचायचो. त्या माणसांशी कोणीतरी बोललेलं असायचं. काम जमेल का, पगाराची अपेक्षा काय, कधीपासून येऊ शकेल, आत्ताची नोकरी का सोडायची आहे, हे विचारून झालेलं असायचं.

एकदा आम्हाला हिशेब विभागात माणूस हवा होता. एजन्सीच्या एक बाई आमच्यासाठी माणसं शोधायच्या, त्यांनी पाठवलेल्या नावांत एक मुलगा होता. त्याच्या सीव्हीमध्ये दोन वर्षांची फट होती. मी तो कागद बाजूला ठेवून दिला. संध्याकाळी बाईंचा फोन आला. "मॅडम, त्या दोन वर्षांत तो घरचा बुडत चाललेला धंदा सावरत होता. देणेकऱ्यांकडे स्वतः जाऊन हप्ते ठरवून घेतले आणि पै न् पै फेडली. लिहायला त्याला संकोच वाटतो. तुम्ही त्याला फक्त वीस मिनिटं द्या." आमच्याकडे त्या काळात थकलेल्या वसुलीनेच सगळ्यांची झोप उडाली होती. मी वीस मिनिटं दिली, त्याचा तास झाला. त्याला आम्ही घेतलं आणि काही वर्षांनी तोच तो विभाग सांभाळायला लागला. त्याच्या हिमतीत काहीच कमी नव्हती. ती माझ्यापर्यंत पोचवायला मात्र एक माणूस लागलं.

शिवाय सगळ्या जागांच्या जाहिराती येत नाहीत. एखाद्याला बदलायचं असतं आणि तो अजून खुर्चीवर असतो. नवं काम सुरू करायचं असतं आणि ते बाहेर कळायला नको असतं. कधी कंपनी इतकी छोटी असते की अर्ज चाळत बसायला तिच्याकडे माणूसच नसतो. अशा वेळी आम्ही सरळ एजन्सीला फोन करायचो. ती जागा तू कितीही पोर्टल शोधलीस तरी तुला दिसणार नाही.

आता पैशांचं, कारण तुझा खरा संशय तिथेच आहे. एजन्सीला पैसे कंपनी देते. बहुतेक वेळा माणूस प्रत्यक्ष रुजू झाल्यावरच देते, आणि रक्कम त्याच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या प्रमाणात असते. अगदी वरच्या पदांसाठी ही रक्कम वर्षाच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जाते आणि शोध सुरू करतानाच पहिला हप्ता द्यावा लागतो. माणूस ठरलेल्या मुदतीत, बरेचदा तीन महिन्यांत, सोडून गेला तर एजन्सीला दुसरा माणूस द्यावा लागतो किंवा पैसे परत करावे लागतात. यातून तुझ्या कामाचं काय ते बघ. तुला भलत्याच जागी ढकलण्यात त्यांचं नुकसान आहे, कारण तू टिकली नाहीस तर त्यांनाच परत धावाधाव करावी लागते. आणि पगार वाढला की त्यांची रक्कमही वाढते.

पण तुला अर्धवट सांगणार नाही. त्यांचं गिऱ्हाईक कंपनी आहे, तू नाहीस. तुझा पगार आणखी थोडा वाढवून घेण्यापेक्षा व्यवहार लवकर पक्का होणं त्यांना जास्त सोयीचं असतं. म्हणून किती रकमेच्या खाली तू जाणार नाहीस हे पहिल्याच बोलण्यात स्पष्ट सांग आणि मग ते बदलू नकोस. तेवढं केलंस की पगाराच्या बोलणीत त्यांचा फार उपयोग होतो. तू स्वतः बोलायला बसलीस की तुझी जीभ अडखळते, मला माहीत आहे. मलाही आयुष्यभर स्वतःसाठी मागता आलं नाही. त्यांना मात्र त्या कंपनीने तशाच जागेसाठी आधी किती दिलंय ते ठाऊक असतं, आणि तुझ्यासाठी मागताना त्यांना संकोच वाटत नाही.

मुलाखतीआधी त्यांना खोदून विचार. समोर कोण बसणार आहे, आधीचा माणूस का गेला, किती दिवसांपासून जागा रिकामी आहे, त्या साहेबांना नेमकं काय खटकतं. आणि नकार आला तर कारण विचार. कंपनी उमेदवाराला कारण सांगायचं टाळते; मीसुद्धा टाळायचे, वाद नको म्हणून. एजन्सीला मात्र आम्ही मोकळेपणी सांगायचो, कारण पुढची माणसं नीट यावीत ही आमचीच गरज होती. तुझ्या चार महिन्यांत तुला एकही खरं कारण कळलेलं नाही. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट. पहिली नोकरी शोधत होते तेव्हा मी एका एजन्सीत नोंदणीचे पैसे भरले होते. साठवलेले होते सगळे. पावती दिली, 'आठवड्यात कळवतो' म्हणाले. मी दोन आठवड्यांनी गेले तर दाराला कुलूप होतं. कितीतरी दिवस घरी सांगितलं नाही. त्यामुळे तुझा राग मला परका नाही. पण त्या एका कुलपावरून मी सगळ्यांनाच एका माळेत ओवलं आणि पुढची दोन वर्षं फुकट घालवली. तू तसं करू नयेस असं मनापासून वाटतं.

खऱ्या-खोट्याची परीक्षा पैशांवरच होते. खाजगी एजन्सीने नोकरी शोधणाऱ्याकडून पैसे उकळणं हा प्रश्न इतका जुना आहे की आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1933 साली अशा नफ्यासाठी चालणाऱ्या एजन्सी बंदच कराव्यात असा करार केला होता. 1949 मध्ये त्यात सुधारणा होऊन देशांना बंदी किंवा नियमन यातलं एक निवडायची मुभा मिळाली. मग 1997 च्या 181 क्रमांकाच्या करारात खाजगी एजन्सींचं काम मान्य केलं गेलं, आणि त्याच्या सातव्या कलमात लिहिलं गेलं की कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, पूर्ण किंवा अंशतः, कोणतंही शुल्क घ्यायचं नाही. अपवादाला थोडी जागा आहे आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. तरी तू तुझ्यापुरता नियम कडक ठेव. नोंदणी, ट्रेनिंग, 'परत मिळणारं डिपॉझिट', काहीही नाव देऊन पैसे मागितले की तिथून उठायचं. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कोणाच्याही हातात ठेवून यायचं नाही.

आणखी एक. तुला विचारल्याशिवाय तुझा सीव्ही कुठेही पाठवायचा नाही, हे त्यांच्याकडून लेखी घे. साधा मेल पुरतो. दोन एजन्सींनी एकाच कंपनीला एकच सीव्ही पाठवला की पैसे कोणाचे यावरून भांडण लागतं. मी अशा वेळी ते नावच वगळायचे, आणि त्या उमेदवाराला कधी कळायचंही नाही. तू स्वतः कुठे कुठे अर्ज केला आहेस त्याची यादी त्यांना आधीच दे. एजन्सी दोन-तीनच ठेव, त्याही तुझ्या क्षेत्रातल्या. जिथे तुझ्या कामाबद्दल चार प्रश्नसुद्धा नीट विचारत नाहीत, तिथे वेळ घालवू नकोस. आणि काम कंत्राटी असेल तर ऑफर लेटरवर नाव कंपनीचं आहे की एजन्सीचं, ते बघून घे. पगार, रजा, काढून टाकण्याचा अधिकार, सगळं त्यावर ठरतं.

स्वतःचे अर्ज थांबवू नकोस. एजन्सीला मागणीशी जुळणारा माणूस दाखवण्याचेच पैसे मिळतात, त्यामुळे क्षेत्र पूर्ण बदलायचं असेल तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. तिथे तुझ्या ओळखी आणि तुझी चिकाटीच लागते. पण तुला क्षेत्र बदलायचं नाही. तुझ्याकडे पाच वर्षांचं चांगलं काम आहे.

उद्या त्यांना उलट फोन कर. 'त्या दिवशी घाईत होते' म्हण, रागावणार नाहीत. रोज असे कितीतरी नकार ऐकतात ते. आणि फोन करण्याआधी तुझा सीव्ही मला पाठव. मागच्या वेळी पाठवलेल्या प्रतीत मला एक गोष्ट दिसली नव्हती. माझ्या आजारपणात तू आठ महिने घरी थांबलीस, तेव्हा रात्री बसून त्या छोट्या संस्थेचं सगळं रेकॉर्ड तू एकटीने लावून दिलं होतंस. ते तू काढून टाकलं आहेस. मला वाईट वाटू नये म्हणून काढलंस ना? ते परत लिही, आणि एजन्सीच्या माणसाला सगळ्यात आधी तेच सांग.

तुझी,
आई