नाताळच्या सुट्टीसाठी शिधा हवा आहे

सर्वांना सप्रेम सलाम.

नवापूर तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) महिला संगती आणि तरुण संघ मिळून यंदा नाताळच्या सुट्टीसाठी शिधा, कपडे आणि चादरी गोळा करत आहेत. मदतीचं पत्रक डिसेंबरात कुणी ना कुणी काढतंच, त्यामुळे हे बाजूला सारण्याआधी एवढं वाचा. आम्हाला केक नकोत, सांताक्लॉजच्या लाल टोप्या नकोत आणि स्टेजवरचं खाऊवाटप तर मुळीच नको. नाताळची सुट्टी लागूच नये असं ज्या घरातल्या मुलांना वाटतं, त्या घरांपुरती ही मागणी आहे.

सुट्टी नको म्हणणारं मूल असतं का, असं कुणीही विचारील. आमच्या संगतीतल्या निम्म्या बाया लहानपणी तशाच होत्या. 15 तारीख उलटली, शाळेत चांदण्या कापायचं काम सुरू झालं, की त्यांच्या पोटात गोळा यायचा.

पहिलं कारण अगदी साधं, जेवणाचं. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारी शिजवलेलं अन्न मिळतं. पाचवीपर्यंतच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, त्यापुढच्या वर्गांना 150 ग्रॅम, वर डाळ आणि भाजी. घरी डबा भरून मिळतो ती मुलं या खिचडीला नाक मुरडतात. पण काही मुलांचं ते दिवसातलं एकमेव पोटभर जेवण असतं. सुट्टी लागली की तेही गेलं. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही हे जेवण चालू ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे सुट्टीत मुलं अर्धपोटी राहतात हे आम्ही काही नवीन सांगत नाही. नाताळची सुट्टी मात्र कुणाच्या हिशेबात येत नाही, कारण ती सगळ्या शाळांना नसतेच. बहुतेक ठिकाणी 25 डिसेंबर एवढी एकच सुट्टी. पण वर्षाच्या 76 सुट्ट्यांची मर्यादा पाळून दिवाळीचे किंवा उन्हाळ्याचे थोडे दिवस नाताळाकडे वळवायची शाळांना परवानगी मिळते. आपल्याकडे ख्रिस्ती वस्ती मोठी, त्यामुळे काही शाळा तसं करतात. सणाला लेकरं घरी असावीत हा हेतू चांगलाच आहे.

पण घरी असतं कोण? दिवाळी सरली की तालुक्यातली किती घरं कुलूपबंद होतात ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. ट्रक गुजरातेतल्या बारडोली-मढीकडच्या ऊसपट्ट्यात तोडणीसाठी जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. अंगावरचं पोर बरोबर, शाळेतलं मागे आजीजवळ. कारखाना 25 डिसेंबरला थांबत नाही, त्यामुळे सणाला आईबाप येतीलच असं नाही. येतो तो फोन, आणि फोनवर आई विचारते, "नवे कपडे घेतले का रे?" मूल म्हणतं, "हो." हे "हो" आम्ही इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय, की आता पुढचं कुणी विचारत नाही.

रेशनचं धान्य फुकट मिळतं, मग शिधा कशाला, असाही प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. गहू-तांदूळ मिळतो. पण कुठे कार्ड आईबापांबरोबर गेलेलं, कुठे आजीचं नाव वेगळ्या कार्डावर, कुठे म्हातारीच्या बोटांच्या रेषा झिजल्याने मशीन अंगठाच घेत नाही. आणि धान्य मिळालं तरी तेल, डाळ, मीठ-मिरची, साबण हे कुठल्या कार्डावर येतं? आपल्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. ती पिकते त्याच शिवारातल्या आजीबाई पाव किलो डाळ चार दिवस पुरवतात. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

मग सुट्टीत पोरं काय करतात? कापूस वेचतात. डिसेंबरात बऱ्याच शेतांत फरदड असते, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही राखलेली कपाशी. बोंडं बारीक, कापूस कमी, मजुरी किलोवर. सकाळी दहिवर असतं तोवर बोटं वळत नाहीत, ऊन चढलं की वाळलेल्या बोंडाची टोकं नखाखाली घुसतात. शाळा उघडल्यावर पेन नीट न धरणारा मुलगा दिसला तर गुरुजींनी त्याच्या हस्ताक्षरावर बोलण्याआधी त्याची बोटं पाहावीत, एवढी विनंती इथेच करून ठेवतो.

हे झालं पोटाचं. मुलं सुट्टीला घाबरतात ती एवढ्याने नाही. उपाशी राहायची सवय होते. चारचौघांत उघडं पडायची सवय होत नाही.

आमच्यातल्या एक मावशी, ज्यांची आता नातवंडं शाळेत आहेत, बैठकीत बोलल्या ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देतो. "कॅरलवाले रात्री फळी-फळीने (वस्ती-वस्तीने) यायचे. ढोलकीचा आवाज नाल्यापलीकडे आला की माय आधी चुलीवर पाणी शिंपडायची, धूर दिसू नये म्हणून. मग चिमणी फुंकायची. आम्ही पाचही जण एका गोधडीत डोळे गच्च मिटून. ते दारात येऊन एक कडवं म्हणायचे, थांबायचे. कुणीतरी म्हणायचं, झोपले वाटतं. की पुढे जायचे. बाहेर तारणारा जन्मला म्हणून गात होते आणि आम्ही आत चोरासारखे. दहा-बारा जणांना चहा करायचा तर दूध कुठून आणायचं, साखर कुठून आणायची? आणि पेटीत टाकायला काय होतं?" हे सांगताना मावशी हसत होत्या. बाकीच्या कुणी हसल्या नाहीत.

आता घराघरात वीज आहे, चिमणी गेली. बटण बंद होतं एवढाच फरक.

दुसरी गोष्ट कपड्यांची. नाताळच्या उपासनेला शाळेचाच सदरा धुऊन घालून येणारी मुलं आम्ही दरवर्षी पाहतो. एकाच्या खिशावरचा शाळेचा बिल्ला उसवून काढलेला होता, पण त्याखालचं कापड न विटता गडद राहिलं होतं, बरोबर बिल्ल्याच्या आकाराचं. पोराने सगळा वेळ त्या चौकोनावर हात धरला होता, प्रार्थनेतही आणि गाण्यातही. संडे स्कूलच्या मुलांना गीतासाठी पुढे बोलावलं की अशा दोघा-तिघांचं नेमकं पोट दुखतं. शिकवणाऱ्यांना हे पोटदुखणं ओळखता येतं.

आणि सुट्टी संपल्यावर पहिल्या तासाला "नाताळची सुट्टी कशी घालवली" हा निबंध. एकमेकांना चिठ्ठ्या काढून भेटवस्तू द्यायची नवी पद्धतही आता आपल्या शाळांत आलीय. शंभर रुपयांची वस्तू आणा म्हणतात. शंभर रुपयांसाठी पोरं त्या दिवशी शाळा बुडवतात.

म्हणून यंदा मदत कशी पोचवायची यावर आम्ही मदत किती गोळा करायची यापेक्षा जास्त वेळ बोललो. ठरलं ते असं. शिधा शाळा बंद होण्याआधीच घरी जाईल, अंधार पडल्यावर, साध्या गोणपाटाच्या पिशवीत, जशी कुणीही बाजारातून आणतो. नावं मंडळीत वाचली जाणार नाहीत. फोटो काढला जाणार नाही, देणाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचा तर नाहीच. ज्यांना दान देताना फोटो हवा असेल त्यांना मनापासून नमस्कार, त्यांच्यासाठी दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत. कपडे तयार न देता कापड देऊ आणि शिलाई आमच्या संगतीतल्या चौघी करतील, कारण एकाच ठाणातले एकसारखे फ्रॉक दहा मुलींच्या अंगावर दिसले की गावाला लगेच कळतं ते कुठून आले. दुकानातून चार-पाच वेगवेगळे रंग घ्यायला दोन पैसे जास्त लागतात, ते लागू द्या.

आणखी एक स्पष्ट करतो, कारण हल्ली करावं लागतं. घरं निवडताना धर्म पाहणार नाही. सुट्टीत शाळेचं जेवण बंद होतं ते सगळ्यांच्याच मुलांचं. पिशवीत ना पत्रक असेल, ना पुस्तिका, आणि दारात प्रार्थनाही होणार नाही. घर निवडण्यात गावातल्या अंगणवाडी ताई आणि आशाताई मदत करत आहेत. कुणाच्या मनात शंका असेल त्यांनी एखाद्या संध्याकाळी आमच्याबरोबर पिशव्या उचलायलाच यावं.

एका घराला दहा दिवस पुरेल असा शिधा म्हणजे तांदूळ 5 किलो, ज्वारी 5 किलो, तूरडाळ 2 किलो, तेल 1 लिटर, शेंगदाणे, गूळ, साखर, चहा, मिरची-मीठ आणि अंगाचा-कपड्यांचा साबण. नाताळच्या दिवसासाठी रवा आणि थोडी सुकी खोबऱ्याची वाटी, करंजी घरीच व्हावी म्हणून. बाराशे ते तेराशे रुपयांत हे बसतं. पूर्ण घर उचलणं जमत नसेल तर नुसतं तेल द्या, नुसती डाळ द्या. शेतकरी बांधवांनी धान्य दिलं तर सर्वात बरं, ते निवडून-पाखडून द्यायचं काम आम्ही करू. चादरी नव्याच हव्यात. डिसेंबर-जानेवारीतली आपल्याकडची थंडी कुडाच्या घरात कशी लागते ते वेगळं लिहीत नाही.

जुने कपडे कृपया आणू नका. आधीच्या गाठोड्यांतून चेन तुटलेल्या पॅंटी आणि एका पायाचे मोजे निघालेत, ते वेगळे करण्यात दिवस जातात.

पैसे न देताही पुष्कळ करता येईल. ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे अशा तरुणांची पाड्यांवर पिशव्या पोचवायला गरज आहे. कॅरल मंडळांना आमची हात जोडून विनंती, की यंदा कुठल्याच घरी चहा-फराळ घेऊ नका आणि पेटी फिरवू नका. आमच्या तरुण संघाने तसं ठरवलंय. गीत म्हणा, शुभेच्छा द्या, पुढे व्हा. वर्गणी मंडळीच्या दारात ठेवलेल्या पेटीत ज्याला जमेल तो टाकील. शिक्षकांनी निबंधाचा विषय बदलला तर फार बरं होईल. कापसाच्या शेतावर, उसाच्या फडावर किंवा आजीवर लिहायला सांगा, लिहिण्यासारखं त्यांच्याकडे भरपूर आहे.

सुरतेला किंवा मुंबईला नोकरीसाठी असलेले आपल्या तालुक्यातले बरेच जण 24 तारखेला अर्ध्या महाराष्ट्रात आणि अर्ध्या गुजरातेत असलेल्या आपल्या नवापूर स्टेशनावर उतरतात, हातात मिठाईचे खोके घेऊन. त्यांनी या वेळी खोक्याचे पैसे आधीच पाठवावेत. 24 ला आलेली मदत आमच्या कामाची नाही, तोवर सुट्टीचे पहिले दिवस निघून गेलेले असतात.

रोख रक्कम आणि सामान रविवारी उपासनेनंतर मंडळीच्या सभागृहात खजिनदारांकडे द्यावं आणि छापील पावती घ्यावी. शेवटची मुदत 18 डिसेंबर. जमा-खर्चाचा कागद जानेवारीच्या पहिल्या रविवारी सूचनाफलकावर लागेल. त्यात घरांची संख्या असेल, नावं नसतील. रक्कम उरलीच तर ती मे महिन्याच्या सुट्टीसाठी बाजूला ठेवू. ती सुट्टी यापेक्षा लांब असते.

आपले,
महिला संगती व तरुण संघ
तालुका नवापूर, जिल्हा नंदुरबार