एसडब्ल्यूआर नव्हे, अँटेनातला करंट मोजा

महोदय,

हौशी रेडिओवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात ‘ट्यूनर लावून एसडब्ल्यूआर १:१ आला, की अँटेना तयार’ असे वाक्य आहे. एसडब्ल्यूआर म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती अँटेनाकडून किती परत फिरते याचे माप; १:१ म्हणजे काहीच परतत नाही. ट्यूनर ही जुळणी करून देतो. २० किंवा ४० मीटरच्या पट्ट्यावर हा सल्ला एकवेळ खपून जाईल. १३६ आणि ४७५ किलोहर्ट्झवर मात्र तो नवख्याला चक्क उलट्या दिशेला नेतो, म्हणून हे पत्र.

हौशी सेवेला २२०० मीटरचा पट्टा (१३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ) २००७च्या जागतिक रेडिओ परिषदेत मिळाला आणि ६३० मीटरचा (४७२ ते ४७९) २०१२ च्या परिषदेत. मर्यादा १ वॅट ईआयआरपीची (सर्व दिशांना सारखे विकिरण करणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत मोजलेली शक्ती). ६३० मीटरवर काही भागांत ५ वॅटपर्यंत मुभा देता येते. आपल्या परवान्यात काय बसते, हे ज्याने त्याने आधी पाहावे. १ वॅट ऐकायला किरकोळ वाटतो, पण तेवढाही हवेत सोडताना घाम फुटतो. पाव तरंगलांबीचा खांब १३७ किलोहर्ट्झवर साधारण ५५० मीटर उंच लागेल. प्रत्यक्षात आपल्या हाती असते १५ मीटरची उभी तार आणि तिच्या टोकाला आडवी ताणलेली ४० मीटर तार.

या अँटेनाचे गणित एकदा मांडून पाहावे. तारेची धारिता मीटरला ५ ते ६ पिकोफॅरड धरली, तर एकूण सुमारे ३०० पिकोफॅरड होते. परिणामी उंची (विकिरणाला खरोखर उपयोगी पडणारी) १२ मीटर धरली, तर रेडिएशन रेझिस्टन्स (विकिरणात जाणाऱ्या शक्तीचा हिशेबी रोध) १३७ किलोहर्ट्झवर जेमतेम ०.०४७ ओहम येतो. जमीन, झाडे, भिंती आणि तारेची धारिता खोडून काढायला पायथ्याशी लावलेली लोडिंग कॉइल मिळून शक्ती खातात, तो रोध सहज ८० ओहम असतो. १ वॅट ईआयआरपीसाठी तारेत सुमारे २.६५ अँपिअर करंट हवा, म्हणजे ट्रान्समीटरमधून ५६०-५७० वॅट. त्यातला हवेत जातो एक-तृतीयांश वॅट (उभ्या तारेचे विकिरण ठरावीक दिशांना एकवटते, म्हणून तेवढ्यातच १ वॅट ईआयआरपी भरते), बाकी सगळी उष्णता. तीच तार ४७५ किलोहर्ट्झवर वापरली आणि रोध ३० ओहम धरला, तर ०.७६ अँपिअर आणि १७-१८ वॅटमध्ये तेवढेच काम होते. नवख्याने सुरुवात ६३० मीटरवर का करावी, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता एसडब्ल्यूआरचे पाहू. समजा, अर्थिंग सुमार आहे आणि एकूण रोध योगायोगाने ५० ओहम भरतो. मीटर १:१ दाखवेल आणि मालक खूश होईल. मग कुणीतरी चार रेडियल (अँटेनाखाली जमिनीत पसरलेल्या तारा) पुरले, दोन अर्थरॉड ठोकले आणि रोध ३० ओहमवर आला. मीटर आता १.६७ दाखवतो. अँटेना ‘बिघडली’ म्हणून तो गडी रेडियल काढून टाकेल! वास्तविक जुळणी पुन्हा न करताही विकिरण दीडपटीहून जास्त झालेले असते. म्हणून कमी वारंवारतेवर पहिले उपकरण अँटेना-करंटचा मीटर. फेराइट टोरॉइडमधून (कड्याच्या आकाराच्या गाभ्यातून) अँटेनाची तार एकदाच ओवा, त्यावर दुय्यम ५० वेढे घाला आणि टोकांना ५० ओहमचा रोध लावा: अँपिअरला १ व्होल्ट मिळतो, तो डायोडने एकदिश करून वाचावा. हा टोरॉइड कॉइलच्या खालच्या, जमिनीकडच्या बाजूलाच हवा. वरच्या बाजूला किलोव्होल्टमध्ये दाब असतो.

लोडिंग कॉइलवर मात्र कंजुसी नको. १३७ किलोहर्ट्झला ३०० पिकोफॅरडसोबत ४.५ मिलिहेन्री लागते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या साच्यावर ४० सेंटिमीटर लांबीत सुमारे १६५ वेढे घेतले की ती भरते. तार साधारण १५५ मीटर जाते. ४७५ ला ३७५ मायक्रोहेन्री पुरते, म्हणजे १५ सेंटिमीटर व्यास, २० सेंटिमीटर लांबी आणि ६७-६८ वेढे. हिशेबापेक्षा दहा टक्के वेढे जास्त घ्यावेत आणि वरच्या भागात टॅप (वेढ्यांच्या मधून काढलेल्या जोडण्या) काढून ठेवावेत. बारीक जुळणीसाठी आत फिरणारी लहान कॉइल मालिकेत जोडून व्हेरिओमीटर करावा. काळ्या प्लॅस्टिकची बादली साचा म्हणून घेऊ नये: काळ्या रंगासाठी त्यात बहुधा कार्बन घातलेला असतो आणि पूर्ण पॉवरवर ती मऊ पडते. पांढरी पॉलिप्रॉपिलीनची बादली चालते. कॉइलपासून धातूची वस्तू आणि जमीन निदान तिच्या व्यासाइतकी लांब ठेवावी. १३७ किलोहर्ट्झवर करंट तांब्याच्या जेमतेम ०.१८ मिलिमीटर थरातून वाहतो, त्यामुळे जाड एकेरी तारेपेक्षा लिट्झ तार (वेगवेगळ्या इन्सुलेट केलेल्या अनेक बारीक तारांची वळलेली) सरस ठरते. ती नसेल तर साधी इन्सुलेटेड तार लावा. ३०० चा क्यू (जितका जास्त, तितका कॉइलमधला तोटा कमी) मिळाला तर कॉइलचा रोध १३ ओहमच्या आसपास राहतो.

रेझोनन्स (कॉइल आणि धारिता एकमेकींना खोडतात ती वारंवारता) शोधताना अॅनालायझरची, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांवर अँटेना मोजणाऱ्या उपकरणाची, रेंज अरुंद ठेवावी. ८० ओहम रोधाला बँडविड्थ २.८ किलोहर्ट्झ असते. रुंद रेंजवर आलेखातली ती अरुंद खाच दोन मोजमापांच्या मधेच निसटते आणि ‘कॉइल चुकली’ असा गैरसमज होतो. १२० ते १५० किलोहर्ट्झ एवढेच पाहावे. उलट, व्हेरिओमीटरला हात न लावता अँटेना फार रुंद पट्ट्यात चालत असेल, तर हुरळून जाऊ नये, कुठेतरी मोठी गळती आहे. ४७५ वर आणखी एक घोळ होतो: जवळच मध्यम लहरींचे प्रक्षेपण केंद्र असेल, तर त्याचा सिग्नल तारेतून अॅनालायझरमध्ये शिरतो आणि आकडे नाचू लागतात. तिथे ट्रान्समीटरची थोडी पॉवर देऊन करंट मोजणे हाच खात्रीचा मार्ग. रेझोनन्सवर पॉवर भागिले करंटचा वर्ग केला की एकूण रोध मिळतो. त्यातून कॉइलचा वजा केल्यावर उरतो तो जमिनीचा आणि परिसराचा. मग फेराइटवरच्या टॅप असलेल्या ट्रान्सफॉर्मरने ५० ओहमशी जुळवावे. ७८ ओहमसाठी १६ आणि २० वेढ्यांचे गुणोत्तर बसते.

पैसे आणि श्रम कुठे घालायचे? माझे मत स्पष्ट आहे: आधी उंची. परिणामी उंची १२ वरून १५ मीटर झाली, तर ५७० वॅटचे काम ३६५ वॅटमध्ये होते. अर्थिंगमधून २० ओहम वाचवले, तरी ४२५ वॅट लागतातच. आडव्या तारा दोन-तीन समांतर, मीटर-दोन मीटर अंतराने घेतल्या की धारिता वाढते, कॉइल लहान होते आणि दाबही उतरतो. आडवी तार खाली झुकवू नये. तिच्यातल्या करंटचा उभा घटक मुख्य तारेच्या विरुद्ध वाहतो. झाडापासून तार लांब ठेवणे हे आणखी एका रॉडपेक्षा बहुतेकदा जास्त फायद्याचे. साधारण जमिनीत या वारंवारतेचा करंट १५-२० मीटर खोलवर पसरतो, त्यामुळे एकाच जागी खोल ठोकलेल्या रॉडपेक्षा आडव्या तारांखाली पसरलेले रेडियल बरे.

बिघाड शोधताना करंटची चाल पाहावी. पॉवर दिल्यावर तो हळूहळू उतरत असेल, तर कॉइल किंवा एखादा सांधा तापतो आहे. अचानक उडी मारत असेल तर ठिणगी: वर सांगितलेल्या २.६५ अँपिअरला तारेवर १० किलोव्होल्ट आरएमएस असतात, शिखर १४ च्या पुढे. तारेची टोके तीक्ष्ण न सोडता वळवून गोल करावीत आणि अंधारात इन्सुलेटर न्याहाळावेत. वाऱ्याबरोबर हलत असेल तर तार ढिली. पाऊस पडला, पाने भिजली की धारिता वाढते आणि रेझोनन्स खाली सरकतो. धारितेतला एक टक्का म्हणजे ०.७ किलोहर्ट्झ, तेव्हा व्हेरिओमीटर थोडा कमी करावा. प्रसारण चालू असताना तार कुणाच्या हाताला लागणार नाही, अशी व्यवस्था हवीच.

४० किंवा ८० मीटरच्या पट्ट्याचा डायपोल (मध्ये केबल जोडलेली दोन भुजांची तार) आधीच टांगलेला असेल, तर कोअॅक्स केबलचा गाभा आणि जाळी खाली एकत्र जोडून त्याचा टी-अँटेना होतो: केबल उभी तार, भुजा आडव्या तारा. केबल भिंतीला चिकटलेली नको. वर चोक बलून (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा फेराइटचा भाग) असेल तर तो काढावा किंवा बायपास करावा. बलून अडवतो तोच करंट इथे आपल्याला वाहायला हवा. नाहीतर फेराइट तापते आणि शोध भलतीकडेच चालतो.

ऐकण्यासाठी यातले काहीच लागत नाही. बाहेरचा गोंगाटच एवढा असतो की मीटरभर बाजूचा लूप पुरतो, आणि तो फिरवून एखाद्या दिशेचा गोंगाट जवळजवळ नाहीसा करता येतो. रिसीव्हर बॅटरीवर चालवून घरातले एलईडी दिवे, चार्जर, सोलर इन्व्हर्टर एकेक बंद करून पाहावे. केबलवर एकदा अडकवलेला फेराइटचा क्लिप या वारंवारतेला निरुपयोगी. मँगनीज-झिंक फेराइटच्या मोठ्या टोरॉइडवर केबलचे १५-२० वेढे लागतात.

– एक परवानाधारक हॅम