‘मॅडम, डिफॉल्ट काय ठेवू?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदव्युत्तर प्रवेशांवरच्या आपल्या पुरवणीत एमसीए आणि एमएस्सी संगणकशास्त्राच्या जागा, शुल्क, कॅम्पस मुलाखती असे सगळे आले. एका विषयाचे नाव मात्र कुठे दिसले नाही. आमच्याकडेही तो शनिवारी शेवटच्या तासालाच असतो म्हणा! माहिती प्रणाली आणि तंत्रज्ञानातले नीतिशास्त्र. हिंजवडीत अठरा वर्षे डेटाबेसचे काम करून मी नोकरी सोडली आणि गेली चार वर्षे तासिका तत्त्वावर हा विषय शिकवते. कायम प्राध्यापकांपैकी कुणाला नको होता, म्हणून माझ्याकडे आला.

या विषयाचे वाटोळे परीक्षेने केले आहे. ‘एसीएमच्या आचारसंहितेतील तत्त्वे स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो, मुले अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाईडमधले उत्तर उतरवतात आणि गुण घेऊन मोकळी होतात. एसीएम ही संगणक व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय संघटना; २०१८ मध्ये सुधारलेली तिची संहिता खरोखर वाचण्यासारखी आहे, पण पाठ केली की तिचा परवचा होतो. त्यात २०२० पासून एमसीएची तीनाची दोन वर्षे झाली. शेवटचे सत्र इंटर्नशिपमध्ये जाते. जिथे कात्री लागायची तिथेच लागते.

मागच्या सत्रात मी गाईड बाजूला ठेवायला लावले आणि वर्ग लॅबमध्ये नेला. सांगितले, सोसायटीच्या गेटवर जे अ‍ॅप असते, त्याचा डेटाबेस काढा. वाकड, नऱ्हे, आंबेगावात चौघाचौघांत फ्लॅट घेऊन राहणारी ही मुले. अ‍ॅप सगळ्यांच्या रोजच्या बघण्यातले. रहिवासी, पाहुणे, वॉचमन यांची टेबले, म्हणजे माहितीचे तक्ते, झाली. मग घरकामाला येणाऱ्या बायकांचे टेबल: नाव, मोबाइल, फोटो, आत-बाहेरच्या वेळा आणि रहिवाशांनी दिलेले तारे. तिथे एका मुलाने हात वर केला. ‘मॅडम, रेटिंगचा डिफॉल्ट काय ठेवू?’ म्हणजे कुणी तारे दिलेलेच नसताना आपोआप पडणारा आकडा.

म्हटले, तूच सांग.

शून्य ठेवला, तर आज नोंद झालेली बाई यादीत तळाला जाते, कारण यादी ताऱ्यांच्या उतरत्या क्रमाने लागते. पाच ठेवला, तर दहा वर्षे काम करून ४.२ मिळवलेल्या मावशींच्या डोक्यावर ती पहिल्याच दिवशी जाऊन बसते. एक मुलगी म्हणाली, रकाना नल ठेवू. बरोबर बोलली. नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे ‘अजून माहीत नाही’. प्रामाणिक उत्तर. पण डेटाबेसची दोन सॉफ्टवेअर घ्या: उतरत्या क्रमात ओरॅकल नल सगळ्यांत वर दाखवतो आणि मायएसक्यूएल सगळ्यांत खाली, अर्थात वेगळे काही सांगितले नसेल तर. मुलांनी दोन्ही लावून पाहिले. बाई तीच, सोसायटी तीच. तिला पहिला फोन येणार की येणारच नाही, हे कंपनीने कोणता डेटाबेस घेतला यावर! लॅब असिस्टंट किल्ल्या वाजवत दोनदा डोकावून गेले, तरी कुणी उठेना. शनिवारी, दुपारी दोन वाजता!

निघता निघता मागून कुणीतरी विचारले, ‘त्या मावशींना स्वतःचे तारे दिसतात का?’ आमच्या आराखड्यात रहिवाशांना लॉगिन होते, कमिटीला होते, वॉचमनलाही होते. तिला नव्हते. तक्रारीचे टेबल तर कुणीच काढले नव्हते, मीही सुचवले नव्हते.

घरी येऊन आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींना फोन दाखवला. त्यांना ३.१ तारे होते. एका घराने ‘उशिरा येतात’ म्हणून दोनच दिलेले. कात्रजहून दोन बस बदलून येणाऱ्या बाईला उशीर होणारच. त्यांनी विचारले, ‘तारे म्हणजे काय, ताई?’ गेटवर नंबर सांगायचा आणि आत यायचे, एवढेच त्यांना ठाऊक. दुरुस्ती कशी करायची म्हणून मी कंपनीला मेल केला. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ असे यंत्राचे उत्तर आले. त्यानंतर काही नाही.

पुढच्या शनिवारी मी ब्रिटनच्या टपाल खात्याचे प्रकरण सांगितले. होरायझन ही फुजित्सू कंपनीची हिशेबप्रणाली. तिच्यात तूट दिसली की चोर उपडाकघर चालवणारा, असे धरून चालले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. प्रणालीतच दोष होते आणि कंपनीची माणसे दूर बसून शाखेच्या हिशेबात बदल करू शकत होती, हे २०१९ च्या निकालात मान्य झाले; शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये कायदा करावा लागला. आपल्या खात्यात काय बिघडले हे मुळापर्यंत जाऊन पाहण्याची सोय त्या लोकांना नव्हती. वर्गात कुणी म्हणाले, ‘म्हणजे मावशींसारखेच की.’ प्रमाण वेगळे, पण राहून गेलेले टेबल तेच, तक्रारीचे.

फोक्सवॅगनचेही सांगितले, कारण तिच्या गाड्या चाकणलाही बनतात आणि आमची बरीच मुले वाहनांच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात. धुराची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करणारा तिचा कोड २०१५ मध्ये उघड झाला. अमेरिकेत त्यातल्या एका इंजिनिअरला ४० महिन्यांची कैद झाली. वर्ग एकदम गप्प झाला. नीतिशास्त्रापेक्षा कैदेने कान लवकर टवकारतात, त्याला माझा इलाज नाही.

पुण्यात सायबर म्हटले की अजून २०१८ चा कॉसमॉस बँकेवरचा हल्ला आणि गेलेले ९४ कोटी आठवतात. सुरक्षेवर म्हणून चर्चासत्रे होतात, त्यांना प्रायोजकही मिळतात. ताऱ्यांच्या गोष्टीत चोर कुणीच नाही, म्हणून तिला मांडव नाही.

आमचे विभागप्रमुख म्हणतात, आता डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्यात सगळे येईल. २०२३ चा हा कायदा, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती दुरुस्त करून घेण्याचा, तक्रारीचा हक्क त्यात आहे. दंड २५० कोटींपर्यंत आहे. छानच. पण हक्क बजावायला मावशींच्या फोनवर मराठीत एक पडदा उघडावा लागेल आणि तो ही मुलेच लिहिणार आहेत. नल वर ठेवायचा की खाली, हे कोणत्याही कलमात सापडणार नाही.

मला नवा पेपर नको, आहे तोच जड झाला आहे. अंतिम प्रकल्पाच्या अहवालात एक पान असावे: माहिती कुणाची घेतली, ती कुणाला दिसत नाही, चुकली तर त्या माणसाने कुठे जायचे. आणि तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी त्या पानावर गुण धरून प्रश्न विचारावेत. गुणांवाचून मुले पान उलटत नाहीत, आम्हीही उलटत नव्हतो. मी हे बैठकीत मांडले. अहवालाचा नमुना छापायला गेला आहे, असे कळले.

आपली,
एक तासिका प्राध्यापिका,
सिंहगड रस्ता, पुणे

(नाव छापू नये, ही विनंती. पुढच्या सत्राचे तास अजून मिळायचे आहेत.)