मी हसलो, त्याबद्दल

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज आईला आला, मला नाही. बरोबर आहे. फोनवर हे जमणार नाही म्हणून दुकानात बसून लिहितोय. शटर अर्धं ओढलंय, तरी एकजण वाकून आत डोकं घालून क्रोसिन घेऊन गेलाच.

भाऊबीजेच्या रात्री गच्चीवर तू म्हणालास, लग्नापर्यंत थांबायचं ठरवलंय, आणि त्यावरून हॉस्टेलची पोरं तुला 'बजरंगबली' म्हणतात. मी हसलो. त्या नावाला हसलो, तुझ्या ठरवण्याला नाही. पण तुझा चेहरा उतरलेला मला दिसला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर टाकी भरली का बघायला उठलो.

त्या पोरांबरोबर जेवतोस ना? मागं तू बोलता बोलता म्हणालास, "मी मेसला लवकर जाऊन येतो." लवकर का? असो.

मला वाटलं होतं या बाबतीत तुला सांगण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ आहे. बावीस वर्षं मेडिकल चालवतोय. तुझ्या वयाची मुलं कशी येतात ते तू गल्ल्यावर बसायचास तेव्हा पाहिलंयस. बाहेर गाडीवर बसून मोबाईल बघत राहायचं, बायका गेल्या की आत यायचं. आधी विक्सची गोळी मागायची, मग जरा वेळ डिओच्या बाटल्या बघायच्या आणि शेवटी माझ्याकडं न बघता नुसतं बोट दाखवायचं. मी कंडोमचं पाकीट पेपरात गुंडाळून, रबर लावून देतो. माझा अंदाज असा, की त्यातले कितीतरी ते मित्रांना दाखवायलाच नेतात. नोट काढताना दिसेल असं ठेवायचं, एवढंच काम. तुझ्या हॉस्टेलवर जे गप्पा मारतात त्यांच्यातलं किती खरं, हे तूच बघ.

कारण आमच्याकडंही तेच होतं. १९९४ साली, डी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली त्या संध्याकाळी सिनियर आम्हा चौघांना पुण्यातल्या बुधवार पेठेत, वेश्यावस्तीत घेऊन गेले. दगडूशेठपर्यंत मी बरोबर होतो. तिथं गर्दीत मागं राहिलो आणि सटकलो. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांपुढं तासभर हिंडलो. खिशात पन्नासची नोट होती, ती हातात धरून धरून ओली झालेली. मग चहाच्या टपरीवर सगळे भेटलो. "कसं काय?" म्हणून विचारलं, तर मी म्हणालो, "भारी." पुढं कुणी विचारलं की त्यात थोडी थोडी भर घालत गेलो. मला कुणी बजरंगबली म्हटलं नाही. हे तुझ्या आईलाही माहीत नाही, तिला सांगू नकोस.

तू वीस वर्षांचा आहेस आणि भर खोलीत "मी नाही" म्हणालास. मला ते जमलं नव्हतं. हे मी गच्चीवर बोललो असतो तर बरं झालं असतं.

त्या चौघांतला एक १९९९ ला गेला. घरच्यांनी टीबी सांगितला. मी फार्मसी शिकलेला माणूस, मला कळत होतं, पण मीही टीबीच म्हणालो. सरकारी दवाखान्यांत एचआयव्हीवरच्या, एआरटीच्या मोफत गोळ्या २००४ ला सुरू झाल्या. त्याला पाच वर्षं कमी पडली. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाहीये. लिहिताना त्याची आठवण आली, बस. फार छान पेटी वाजवायचा.

आता जे मला खटकलं ते. त्याच रात्री रूममेटच्या मैत्रिणीबद्दल तू 'तसली' म्हणालास. थांबणं हा तुझा निर्णय, त्यानं तुला कुणाचा न्याय करायला बसवलेलं नाही. गेल्या महिन्यात एक मुलगी दुकानात आली, ओढणीनं तोंड बांधलेली. दिवस राहू नयेत म्हणून घेतात ती बहात्तर तासांची गोळी मागत होती. किती वेळ झाला विचारलं, तर म्हणाली चार दिवस. म्हटलं, ही आता तुझ्या किती कामाला येईल सांगता येत नाही, आजच्या आज डॉक्टरांना दाखव. ती मान हलवून गेली. बाहेर एक मुलगा गाडी चालू ठेवून बसला होता. सगळा वेळ आत आला नाही. मला चीड त्याची आली, तिची नाही.

तू दोन वर्षांचा असताना, २००७ साली, आपल्या राज्यात शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली. दुकानात चर्चा झाली तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं. मीपण म्हणालो. ती मुलगी गेल्यावर मला ते आठवलं.

तेव्हा थांबायचं तर थांब, मनापासून थांब. नानाकाकांच्या प्रकरणानंतर आपल्या घरात या विषयाला कुणी हात लावला नाही. त्या धाकानं थांबत असशील तर मात्र एकदा माझ्याशी बोल. आणि उद्या विचार बदलला तर तोही तुझा असू दे, पोरांच्या चिडवण्याचा नको. तिला विचार, नीट विचार, गप्प बसली म्हणजे हो म्हणाली असं धरू नकोस. पाकीट स्वतः जाऊन घे. काही चुकलंच तर गाडी बंद कर आणि तिच्याबरोबर आत जा.

झालं, भाषण सुरू झालं. आई म्हणतेच, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडावा तसा मी बोलतो. माफ कर.

पण एक सांग, ती पोरं नुसती चिडवतात की टाळतात? चिडवत असतील तर चालेल. आमच्याकडं ज्याला टाळायचे, तो सातलाच ताट घेऊन बसायचा. मी कधी त्याच्याशेजारी जाऊन बसलो नाही.

आक्कानं चकली केलीय. शनिवारी पाटलांचा संतोष पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. डबा मोठा आहे, एकट्याला संपणार नाही. खोलीत सगळे असतील तेव्हाच उघड.

तुझा,
बाबा