घोरपडीच्या इंजिनांचे कागद रद्दीत जाऊ नयेत

प्रति,
संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून पुण्यात आहे. सुट्टीत ते पाहून आलेल्या घरांत पुढचे चार दिवस एकच विषय असतो : आपणही एखादे इंजिन घ्यावे का? मग बहुधा मिळेल ते घेतले जाते. एक जर्मन वाफेचे, एक अमेरिकन डिझेल, एक जपानी बुलेट ट्रेन. तिघांचे प्रमाण वेगळे, कपलिंग वेगळे, एकाचा डबा दुसऱ्याला लागत नाही. वर्षभरात सगळे कपाटात जाते आणि छंदच बंद पडतो. ज्यांना डिझेल इंजिनांच्या प्रतिकृती खरोखर जमवायच्या आहेत त्यांनी आधी एक रेल्वे निवडावी, तिचा पाच-दहा वर्षांचा काळ ठरवावा आणि मगच पहिले इंजिन घ्यावे. ही निवड का महत्त्वाची आहे आणि ती करताना पुणेकरांकडून काय हवे आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. थोडे लांबले आहे, पण तपशिलाशिवाय या विषयात काही सांगताच येत नाही.

घोरपडीच्या डिझेल शेडच्या आसपास राहिलेल्यांना अल्को इंजिनाची ओळख करून द्यावी लागत नाही. उभ्या इंजिनाची ती अडखळत चालणारी धडधड, आणि ड्रायव्हरने नॉच (शक्तीची पायरी) वाढवताच वर उसळणारा काळा धूर. धुराचे कारण साधे आहे. इंधन लगेच वाढते, पण जादा हवा ढकलणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घ्यायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ हवा कमी पडते आणि डिझेल अर्धवट जळते. आपले डब्ल्यूडीएम-टू हे इंजिन न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी येथील अल्को कारखान्याच्या आराखड्यावरचे. पहिली इंजिने १९६२ मध्ये तिकडून तयार आली, १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात ती बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. मूळ अल्को कंपनीने १९६९ मध्ये इंजिने बनवणे थांबवले, आपल्याकडे मात्र तिचा वंश पुढे कित्येक दशके वाढत राहिला.

म्हणूनच अमेरिकेतली एखादी जुनी रेल्वे निवडायची तर पुणेकरासाठी ‘डेलावेअर अँड हडसन’सारखी दुसरी नाही. १८२३ मध्ये कालव्याची कंपनी म्हणून तिची सनद झाली. १८२९ मध्ये याच कंपनीचे ‘स्टूरब्रिज लायन’ हे वाफेचे इंजिन पेनसिल्व्हेनियातील होन्सडेल येथे रुळांवर धावले. तिचा मार्ग स्केनेक्टडीतूनच जात असे आणि डिझेलच्या काळात तिने अल्कोची इंजिने भरभरून घेतली. तिचे सी-६२८ हे इंजिन म्हणजे आपल्या डब्ल्यूडीएम-टूचे थोरले चुलत भावंडच : त्याच २५१ मालिकेचे सोळा सिलिंडरचे यंत्र, अश्वशक्ती २७५०. दुसरी सोय अशी की या रेल्वेच्या प्रतिकृती तयार मिळतात. एचओ प्रमाणात (१:८७) अ‍ॅटलास कंपनीचे आरएस-३, बाउसरचे सी-६२८, एन प्रमाणात (१:१६०) काटोचे पीए, ही सगळी अल्कोचीच मॉडेल.

काळ १९७४ ते १९७८ असा धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सांता फे रेल्वेकडून १९६७ मध्ये घेतलेली १६ ते १९ क्रमांकांची चार पीए इंजिने या काळात होती. बाल्डविन कंपनीची शार्क मासोळीसारख्या तोंडाची १२०५ आणि १२१६ ही दोन इंजिने १९७४ मध्ये आली. आरएस-३ आणि सी-६२८ तर होतीच. म्हणजे चार-पाच प्रतिकृतींत एक आख्खी रेल्वे उभी राहते. यातला एक बारकावा मात्र नवख्यांना नेहमी चकवतो. पीए इंजिने १९७४-७५ मध्ये नवी यंत्रे बसवून पीए-४ झाली. त्यामुळे पीए-१ म्हणून विकली जाणारी १८ क्रमांकाची प्रतिकृती १९७० च्या गाडीला लावली तर बरोबर, १९७६ च्या गाडीला चूक. केबिनवरचा क्रमांक, रंगयोजना आणि साल ही तिन्ही जुळली तरच ते इंजिन तुमच्या संग्रहातले. न जुळणारे कितीही स्वस्त मिळाले तरी सोडून द्यावे.

प्रमाणाचा हिशेब आधी समजून घ्यावा. एचओ म्हणजे १:८७, रूळ १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मिलिमीटर. सी-६२८ ची खरी लांबी २१.१८ मीटर, एचओमध्ये सुमारे २४३ मिलिमीटर. सहा चाकजोड्यांच्या या इंजिनाला २२ इंचांपेक्षा कमी त्रिज्येचे वळण देऊ नये. दिले तर मधली चाकजोडी रुळाला घासते आणि इंजिन नेमके वळणाच्या तोंडाशी घसरते. २२ इंच त्रिज्येचा गोल आठ बाय चारच्या प्लायवर जेमतेम बसतो, दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर कड उरते. दुकानात ठेवलेल्या तयार सेटमधले वळण बहुधा १८ इंचांचे असते. ते दोन-दोन चाकजोड्यांच्या बोगीवाल्या आरएस-३ ला चालते, सी-६२८ ला नाही. प्लाय पाण्याला टिकणारा घ्यावा, साधा प्लाय पावसाळ्यात फुगतो आणि रुळांचे सांधे वर उचलतो. जागा एका टेबलाएवढीच असेल तर मन मारून एचओ घेऊ नये, सरळ एनकडे जावे.

परदेशातून मागवताना पार्सल खेळणी म्हणून धरले जाऊ शकते, हे किंमत ठरवण्याआधी लक्षात असू द्यावे. खेळण्यांवरचे मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेले आणि २०२३ मध्ये ७० झाले. ताजा दर पाहूनच मागणी नोंदवावी, टपालखर्चही त्यात धरावा.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते पहिल्याच दिवशी, प्लग लावताना. अमेरिकन सेटसोबत येणारा पॉवर पॅक १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी असतो. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पिन बदलणारा स्वस्त अ‍ॅडॉप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्ट नाही. पॅकमधला ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि कधी कधी तो जाण्याआधी रुळांवर जादा दाब सोडून इंजिनाची मोटर किंवा आतला डीकोडरही (आदेश वाचणारी सर्किटची पट्टी) घेऊन जातो. पॅकवर ‘१००–२४० व्होल्ट’ असे छापलेले असेल तरच तो सरळ लावावा. नसेल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत २३० ते ११० चा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, १०० व्हीएचा पुरतो. ५० हर्ट्झवर जुना लोखंडी गाभ्याचा पॅक थोडा अधिक तापतोच, म्हणून खेळ संपला की प्लग काढून ठेवावा. आवाजाचा डीकोडर असलेले इंजिन साध्या डीसीवर चालवले तर सात-आठ व्होल्टपर्यंत ते जागचे हलत नाही. त्याचा पहिला वीजपुरवठा डीकोडरच वापरतो. इंजिन बिघडले असे समजून उघडू नये. डीसीसीवर, म्हणजे रुळांतून अंकीय आदेश देण्याच्या पद्धतीत, नव्या इंजिनाचा पत्ता बहुधा ३ असतो, तो लगेच बदलून केबिनच्या क्रमांकाप्रमाणे ठेवावा.

वापरलेले इंजिन घेताना ते हळू चालवून कान देऊन ऐकावे. चाक फिरेल तसतसा ठराविक अंतराने ‘टक… टक…’ असा आवाज आणि बारीक उडी येत असेल, तर चाकाच्या अक्षावरचे प्लास्टिकचे गियर तडकले आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या अनेक प्रतिकृतींत हा दोष दिसतो. गियर अक्षावर घट्ट दाबून बसवलेले असते, प्लास्टिक वर्षानुवर्षे आकसत जाते, शेवटी दोन दातांमध्ये चीर पडते आणि तिथे दातांचे अंतर वाढते. गोंद लावून हे टिकत नाही. नवे गियर मिळते, आणि एक तडकले असेल तर सगळी बदलावीत, कारण बाकीचीही त्याच वयाची असतात. बदलताना दोन्ही चाकांतले आतले अंतर एनएमआरए या अमेरिकेतल्या प्रतिकृतीकारांच्या संघटनेच्या मापपट्टीने तपासावे. अर्धा मिलिमीटर फरकानेही गाडी पॉइंटवर (रूळ बदलण्याच्या जागी) घसरते. अंदाजाने बसवलेल्या चाकांचा दोष मग रुळांच्या माथी मारला जातो आणि विनाकारण नवे रूळ घेतले जातात. कपलिंग केडी कंपनीचे क्रमांक ५ किंवा १४८ चे करून घ्यावे आणि त्यांची उंची २०५ क्रमांकाच्या गेजवर लावावी. डबे आपोआप सुटण्याचे नव्वद टक्के गाऱ्हाणे इथेच मिटते.

रूळ सँडपेपरने घासू नयेत. बारीक चरे पडतात, त्यात काजळी बसते आणि पुढच्या खेपेला घाण दुप्पट वेगाने जमते. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे, शक्यतो ९९ टक्क्यांचे, कारण ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेले पाणी असते. मऊ सुती कापडाने रूळ पुसावेत. चाकांसाठी युक्ती अशी : अल्कोहोलने ओले केलेले पातळ कापड रुळावर आडवे टाकायचे, इंजिनाची एक बोगी त्यावर आणि दुसरी कोऱ्या रुळावर ठेवायची, इंजिन हाताने धरून वीज द्यायची. चाके जागीच फिरतात आणि कापडावर काळ्या रेघा उठतात. मग बाजू बदलायची. तेल फक्त प्लास्टिकला चालणारे, मोटरच्या दोन्ही बेअरिंगांवर सुईच्या टोकाने एकेक थेंब. वर्म गियरवर मोहरीएवढे ग्रीस. जास्त तेल घातले तर ते मोटरच्या कम्युटेटरवर जाते, ब्रशांना कार्बनचा चिखल लागतो आणि मोटर गरम होते. घरातले खोबरेल तेल तर मुळीच नको. ते पंचवीस अंशांच्या खालीच गोठू लागते, आणि पुण्याच्या डिसेंबरात सकाळी गियर जाम झालेले असतात.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, तीन गोष्टींवर नजर ठेवावी. पेटीतला जुना फोम दमट हवेत विरघळून रंगाला चिकटतो, तो काढून आम्लरहित टिश्यू कागद घालावा. जस्ताच्या मिश्रधातूची चौकट अशुद्ध ओतकामाची असेल तर दमटपणात फुगते आणि तिला भेगा पडतात, त्याला इलाज नाही, म्हणून विकत घेतानाच चौकट सरळ आहे का हे काचेवर ठेवून पाहावे. आणि रंगकाम किंवा डेकल (पाण्याने चिकटवायची छापील अक्षरे-चिन्हे) यांचा हात ऑक्टोबरपर्यंत राखावा. दमट हवेत लाखेवर पांढुरकी साय येते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, रंग बदलला की वाळवून परत वापराव्यात. मूळ पेटी कधीही टाकू नये, तिच्यावरच उत्पादन क्रमांक असतो.

आता या पत्राच्या खऱ्या कारणाकडे येतो. डेलावेअर अँड हडसनच्या प्रतिकृती इतक्या बरोबर का निघतात? त्या भागातल्या लोकांनी, कारखान्यातल्या कामगारांनी, प्रवाशांनी फोटो, आराखडे, रंगाच्या नोंदी, गाड्यांच्या वह्या सांभाळून ठेवल्या. ‘ब्रिज लाइन हिस्टॉरिकल सोसायटी’सारखी संस्था त्या रेल्वेचा इतिहास जपण्याचेच काम करते. आपल्या डब्ल्यूडीएम-टूचे तसे नाही. १:८७ मध्ये ते घरी बनवायचे म्हटले तर लांबी सुमारे १९७ मिलिमीटर येते आणि बोगीची अडचणही फार नाही. सी-६२८ खालीही तशीच, असमान अंतरावर तीन अक्ष असलेली अल्को बोगी असते, ती वापरता येते. फक्त चौकट साडेचार सेंटिमीटरने कापून आखूड करावी लागते, आतले धातूचे वजन कापावे लागते आणि वरचे शरीर थ्रीडी छपाईने किंवा स्टायरीनच्या पत्र्यातून करावे लागते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, १:८७ मध्ये १९.३ येतो. बाजारातला रूळ १६.५ चा, त्यामुळे इंजिन समोरून पाहिले की चाके आत गेलेली दिसतात. हे खटकते, पण बहुतेक जण ते चालवून घेतात. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. घोरपडीच्या कोणत्या क्रमांकाच्या इंजिनावर कोणत्या साली कोणता रंग होता? पट्टा किती रुंद होता? शेडचे नाव कोणत्या जागी, कोणत्या अक्षरांत लिहिले होते? व्हॅक्यूम ब्रेकच्या जोडीला एअर ब्रेक आले तेव्हा बफर बीमवरच्या (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या तुळईवरच्या) नळ्या कशा बदलल्या? छोट्या हूडवरच्या (केबिनच्या आखूड बाजूच्या नाकावरच्या) मोठ्या काचांची ‘जंबो’ इंजिने कोणती? ही उत्तरे नसली तर तयार होते ते कोणत्याही एका इंजिनाचे चित्र नसते.

विद्युतीकरणामुळे ही इंजिने रुळांवरून उतरत आहेत आणि एकदा भंगारात कापल्यावर मोजायला काही उरत नाही. शेडमधून निवृत्त झालेल्या फिटर, ड्रायव्हर, पेंटर, फोरमन मंडळींच्या घरी अजून वह्या, रंगाचे नकाशे, गटाचे फोटो नक्की असतील. घर बदलताना, पुनर्विकासाच्या सामानात, ते रद्दीत जातात. आपल्या वृत्तपत्राद्वारे या सर्वांना विनंती आहे : हे कागद रद्दीत देऊ नका. प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने इंजिनाचा क्रमांक, जागा आणि साल लिहा. साल नक्की आठवत नसेल तर कोणत्या दोन वर्षांच्या मधले ते लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब समोरच्या बाजूला उमटतो. फोटो किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि मूळ प्रत फेकू नका. वहीतले एकही पान वेगळे काढू नका, क्रमांकांच्या ओळी सलग असल्या तरच त्यांच्या तारखा पडताळता येतात. आणि कुणाकडे शेडमधली रंगाची पट्टी असेल, तर ती उन्हात नव्हे, कागदात गुंडाळून अंधारात ठेवा.

आपले,
रेल्वे प्रतिकृतींचे काही संग्राहक, पुणे