पाहणाऱ्याचा हक्क कुठवर?

दादर, मुंबई

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू विचारलंस, "आई, ज्याने कधी सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक चेंडू, खेळला नाही, त्याने प्लेअर आणि कॅप्टनबद्दल बोलूच नये का?" तुझ्या मित्राने चारचौघांत "तू कधी हातात बॅट धरलीस?" म्हणून तुला गप्प केलं, ते तुझ्या मनाला लागलंय हे आवाजावरूनच कळलं. पण हा प्रश्न फोनवर घाईघाईत उरकण्यासारखा नाही. म्हणून सकाळी चहा झाल्याबरोबर लिहायला बसले.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. जरूर बोलावं. मैदानावर जे घडलं आणि जे आपण लक्ष देऊन पाहिलं, त्यावर आपलं मत ठामपणे मांडावं, मग समोरचा अंडर-सिक्स्टीन खेळलेला असो नाहीतर रणजी. तुझ्या मित्राला हे पटत नाही, तिथे तो चुकतोय. पण हार्दिक पंड्याबद्दल तू ग्रुपवर जे लिहिलंस त्यातलं सगळंच तू पाहिलेलं नव्हतंस. त्याकडे मी येणार आहे, आणि तिथे मी तुझ्या बाजूने नाही.

जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे, असं आपल्याकडे म्हणतात. दुखण्याखुपण्याच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. ताशी १४५ किलोमीटरने येणारा चेंडू बरगडीत बसला की काय होतं, हे तुला-मला कधी कळणार नाही. पण बाहेर जाणाऱ्या त्याच चेंडूला एखादा बॅट्समन तीन डाव सलग छेडतोय, हे कळायला बरगडी फुटावी लागत नाही. गाण्याच्या बैठकीत स्वतः कधी न गायलेला माणूस बरोबर समेवर मान हलवतो आणि गाणारे बुवा त्याच्याकडेच बघून पुढची तान घेतात. तानसेन नाही, पण कानसेन तर आहे ना? ही मुंबई क्रिकेटच्या कानसेनांची आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणारी म्हातारी मंडळी तू लहानपणापासून बघितली आहेस. गुगलीला बोलरचं मनगट कसं वळलं, ते बॅट्समनच्या आधी त्यांना दिसतं. त्यातले निम्मे लोक आयुष्यभर बँकेत नाहीतर मिलमध्ये होते.

मीही कधी खेळले नाही. चाळीत मुलगे खेळायचे, आम्ही मुली गॅलरीत उभ्या. पण आझाद मैदानावर स्कोअरिंगला बसायला लागल्यापासून मी जेवढे चेंडू बघितले असतील, तेवढे खेळणारेही बघत नाहीत. खेळणारा आउट झाला की पॅड सोडतो, डबा उघडतो, गप्पा मारतो. स्कोअररला मान वळवायची मुभा नसते. एकदा एका क्लबच्या मॅनेजरने मला तोंडावर सांगितलं होतं, "बाई, तुम्ही रन मोजा, क्रिकेट आमचं आम्ही बघू." मला फार वाईट वाटलं होतं. त्या दिवशी त्यांचा ऑफस्पिनर सलग बारा ओव्हर टाकत होता आणि आठव्या ओव्हरपासून त्याचा पाचवा-सहावा चेंडू आखूड पडत होता. माझ्या वहीत ते लख्ख दिसत होतं. आधीच्या ओव्हरमध्ये सहाच्या सहा ठिपके, म्हणजे एकही रन नाही, आणि नंतर दर ओव्हरच्या शेवटी चार, दोन, चार. पोरगा दमला होता. वही उघडून कुणी विचारलं असतं तर मी दाखवलं असतं. कुणी विचारलं नाही.

मुंबईच्या क्लबांच्या कांगा लीगचंही सांगते, कारण त्यात तुझ्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. १९४८ पासून चालत आलेली ही स्पर्धा पावसाळ्यातली. विकेट ओली, गवत वाढलेलं, आणि एकाच लांबीवरचा एक चेंडू घोट्याला लागतो तर दुसरा खांद्याला. टेबलावर प्लास्टिक, प्लास्टिकखाली वही, शेजारी समोरच्या टीमचा स्कोअरर, ओव्हर संपली की "तुझ्याकडे किती?" अशी ताळमेळ. अशा एका मॅचमध्ये एका पोराने तासभर उभं राहून १४ केले. बोटं सुजली होती, ग्लव्ह्ज काढताना ओठ दाताखाली धरले होते. माझ्या वहीत १४ च लिहिले गेले, कारण वहीत तेवढंच लिहिता येतं. ज्याने नंतर नुसता आकडा वाचला, तो म्हणणार, "चौदाच?" ज्याने तो तास पाहिला, तो असं म्हणणार नाही. म्हणून मी म्हणते, न्याय करायला खेळलेलं असणं नाही, पाहिलेलं असणं लागतं. हायलाइट्स आणि स्कोअरकार्ड बघून मतं ठोकणारे जे आहेत, त्यांच्यावर माझा राग आहे. तुझ्या मित्राने त्यांना गप्प बसवलं असतं तर मी टाळी दिली असती.

आता तुझं भांडण. तुम्ही परत त्या २०२४ च्या आयपीएलवर घसरलात. त्या वर्षी आपल्या मुंबई इंडियन्सचा कॅप्टन झालेल्या हार्दिकच्या कॅप्टनसीबद्दल तू जे म्हणालास ते मला पूर्ण पटतं. अहमदाबादला पहिल्याच मॅचमध्ये बुमराहसारखा बोलर हाताशी असताना त्याने पहिली ओव्हर स्वतः टाकली आणि बुमराहला चौथी दिली. बुमराहने १४ धावांत ३ बळी घेऊन दाखवले आणि आपण ६ धावांनी हरलो. तीन दिवसांनी हैदराबादला तर कहर झाला. बुमराहने चौथी ओव्हर टाकली, पाच धावा दिल्या, आणि मग त्याच्या हातात पुन्हा चेंडू आला तो थेट तेराव्या ओव्हरला. तोवर सामना निसटला होता. हैदराबादने २७७ केले. हे सगळं तू मॅच सुरू असताना, सोफ्यावरून ओरडून सांगत होतास. निकाल लागल्यावर शहाणपण सुचलं असं कुणी म्हणू शकत नाही. बुमराहला शेवटासाठी राखायचा त्यांचा बेत असेलही. बेत काय होता ते आपल्याला ठाऊक नाही, पण बेत फसला हे तर सगळ्यांनी पाहिलं. एवढं म्हणायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

पण त्याच मेसेजमध्ये पुढे तू लिहिलंस की त्याने आतून सेटिंग लावून रोहितची खुर्ची ओढली. हे तू कुठे पाहिलंस? डिसेंबर २०२३ मध्ये कॅप्टन बदलला तो फ्रँचायझीने, म्हणजे टीमच्या मालकांनी. रोहितने पाच ट्रॉफ्या दिल्या होत्या, लोकांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण त्या खोलीत कोण काय बोललं, कुणी काय मागितलं, ते आपल्यापैकी कुणीही ऐकलेलं नाही. आणि १ एप्रिलला वानखेडेवर आपल्या लोकांनी टॉसलाच त्याची हुर्यो उडवली. एक चेंडू पडायच्या आत! संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं, आणि नंतर रोहितनेच हाताने खुणावून लोकांना शांत राहायला सांगितलं. तू त्या दिवशी नॉर्थ स्टँडमध्ये होतास. टॉसला कुणी खेळाचा न्याय करत नव्हतं, कारण न्याय करायला अजून खेळ झालाच नव्हता. निर्णय मालकांचा, शिक्षा समोर दिसणाऱ्या माणसाला. हे मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आताही होत नाही.

जूनमध्ये बार्बाडोसला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हवे होते, त्यांचा क्लासेन सुटला होता. हार्दिकने ऑफ स्टंपच्या बाहेर हळू चेंडू टाकून त्याला पंतच्या हातात दिला. शेवटच्या ओव्हरला १६ हवे असताना चेंडू पुन्हा त्याच्याकडेच, आणि पहिल्याच चेंडूवर सूर्याने तो झेल घेतला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा गजर झाला. पेपरवाले म्हणाले, पब्लिक किती चंचल. मला तसं वाटत नाही. जुलैतला गजर खरा होता, कारण तो पाहिलेल्या गोष्टीवर होता. एप्रिलची हुर्यो पाहिलेल्या कशावरच नव्हती. आणि एक लक्षात ठेव, बार्बाडोसमुळे हैदराबाद पुसलं जात नाही. वर्ल्ड कप जिंकला म्हणून तेराव्या ओव्हरचा निर्णय बरोबर ठरत नाही. तुझा मित्र तेही करत होता, "जिंकून दिलं ना, मग बोलू नका" म्हणून. असं नसतं रे.

वानखेडेने सचिनलाही सोडलं नव्हतं. मार्च २००६, इंग्लंडविरुद्ध, २१ चेंडूंत १ धाव करून तो परत येत होता आणि आपल्याच लोकांनी हुर्यो केली. २१ चेंडू चाचपडत खेळला, हे बघणाऱ्यांनी बरोबर बघितलं होतं. पण दुखावलेला खांदा? तो खांदा कुणाला दिसणार होता? त्यानंतर लगेच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच्याही आधी, १९७१ ला वेस्ट इंडिज आणि इंग्लंड जिंकून आलेल्या कॅप्टन अजित वाडेकरांना याच शहराने डोक्यावर घेतलं, आणि १९७४ ला लॉर्ड्सवर ४२ त सगळे बाद झाल्यावर त्यांच्या घरावर दगड पडले. दगड मारणं म्हणजे मत देणं नव्हे. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, लिहिताना हात थरथरतो.

तुझ्या मित्राला मात्र एक नाव विचार. अमोल मुझुमदार. १९८८ च्या त्या शाळांच्या हॅरिस शील्डच्या मॅचमध्ये सचिन आणि कांबळी ६६४ ची भागीदारी करत होते, तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला तोच पोरगा. पुढे फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांहून जास्त धावा केल्या, पण भारताकडून एकही मॅच खेळला नाही. तुझ्या मित्राच्या हिशेबाने त्याने भारताच्या महिला संघाची कॅप्टन हरमनप्रीतला काय शिकवावं? ती तर शंभरावर आंतरराष्ट्रीय सामने खेळलेली. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटीलवर आपल्या मुली वर्ल्ड कप उचलत होत्या तेव्हा त्यांचा कोच तोच होता.

त्याच स्पर्धेत आपण लागोपाठ तीन मॅच हरलो होतो. तेव्हा काय काय बोललं गेलं ते तुला आठवत असेल. जेमिमा रॉड्रिग्जचे दोन भोपळे झाले होते आणि इंग्लंडविरुद्ध तिला बाहेर बसवलं. फॉर्म नाही म्हणणं चूक नव्हतं, आकडेही तेच सांगत होते आणि डोळेही. पण कित्येकांनी त्यापुढे जाऊन लिहिलं की हिला रील्समधून वेळ मिळेल तेव्हा खेळेल. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चा पाठलाग करताना नाबाद १२७ करून ती माइकसमोर उभी राहिली आणि रडत म्हणाली की या स्पर्धेत ती जवळपास रोज रडली, मनाची घालमेल थांबत नव्हती. मी टीव्हीसमोर बसून रडले, तुझे बाबा उठून आत गेले. आपल्या मुंबईची पोर, पंचविशीची. तुझ्याहून कितीशी मोठी? ज्यांनी ते रील्सचं लिहिलं, त्यांना बॅट धरता येते की नाही याच्याशी मला काही घेणं नाही. त्यांनी न पाहिलेल्या गोष्टीवर एका मुलीला दोषी ठरवलं, हे मला खुपतं.

स्कोअररला एक शिस्त असते. अंपायरने खूण केली की हात वर करून पोच द्यायची आणि तेच लिहायचं. चेंडू बॅटला लागला असं मला वाटलं, तरी त्याने लेगबाय, म्हणजे चेंडू अंगाला लागून निघालेली रन, दाखवला तर लेगबायच. कारण तो बावीस यार्डांच्या टोकाशी उभा आहे आणि मी बाउंड्रीबाहेर. माझं मत मला असतंच, घरी येऊन मी ते तुझ्या बाबांना तावातावाने सांगतेही. पण वहीत ते जात नाही.

तेव्हा आता ग्रुप उघड आणि ते सेटिंगचं वाक्य काढून टाक. खाली लिही की हे मला माहीत नव्हतं. मित्राने हसलं तर हसू दे. बुमराहच्या ओव्हर्सबद्दल लिहिलंयस, त्यातला मात्र एक शब्द बदलू नकोस, आणि त्याने पुन्हा "तू खेळलायस का" विचारलं तर त्यालाच विचार, चौथ्या आणि तेराव्याच्या मध्ये कुणी कुणी बोलिंग टाकली ते तुला आठवतं का? दिवाळीत येशील तेव्हा त्यालाही घेऊन ये, मला त्याच्याशी बोलायचंय.

तुझी,
आई