मांडव आपल्याच अंगणात

पुणे,
रविवार, दुपार

ती. बाबा आणि प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर बाबा "बघू" म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात, तू डोळ्यांना पदर लावतेस आणि मी "जेवलात का?" विचारून ठेवून देते. तीन रविवार हेच चाललंय. म्हणून पत्र. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला फोन करू नका. आई, आधी गॅस बंद कर आणि मग बस.

सांगायचं ते आधी सांगून टाकते. लग्न आपल्या अंगणात, घरच्या मांडवात होणार आहे. माघातल्या शनिवारी, गोरज मुहूर्तावर. दोन्हीकडची मिळून 80 माणसं. गुरुजींनी तिथी काढून दिली आहे, आचाऱ्याला ॲडव्हान्स दिला आहे, तिकडच्या घरीही सांगून झालंय. म्हणजे हे पत्र परवानगी मागायला नाही. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. तुमच्याशी लबाडी कशाला?

बाबा, तुम्ही परवा पोस्टात जाऊन फॉर्म घेऊन आलात ते मला कळलं. कुणाकडून, ते विचारू नका. ताईला तर मुळीच विचारू नका. ज्येष्ठ नागरिक योजनेतले ते 10 लाख मोडायचे नाहीत. व्याज 8.2 टक्के, म्हणजे दर तीन महिन्यांनी 20,500 रुपये घरी येतात. तुमच्या गोळ्या, आईचं इंजेक्शन, विजेचं बिल, गड्याची मजुरी, सगळं त्यात भागतं. आता मोडले तर मुद्दलातून एक टक्का कापून घेतील, म्हणजे 10,000 रुपये हकनाक गेले. डेपोत चार आण्यांचा फरक लागेना म्हणून रात्री नऊपर्यंत बसून राहणारे तुम्ही, हा हिशेब मी तुम्हाला शिकवायचा? "पोरीच्या लग्नाला नाही तर कशाला ठेवलेत?" असं तुम्ही म्हणाल. आईच्या गुडघ्यांना ठेवलेत. डॉक्टर काय म्हणाले ते तिने तुम्हाला अर्धंच सांगितलंय, मला पूर्ण सांगितलंय.

दुसरंही एक सांगायचं आहे. त्याचा राग धरू नका. गणपतीत आले होते तेव्हा नोंदणीसाठी शाळा सोडल्याचा दाखला शोधत होते. ट्रंकेत तळाशी ताईच्या लग्नाची वही सापडली, मेणकापडाचं कव्हर घातलेली. खरं तर लगेच ठेवून द्यायला हवी होती. पण तुमचं अक्षर दिसलं की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. मंडप 35,000. बँड 12,000. आइस्क्रीम 6,000. त्याच्याखाली आइस्क्रीम (दुसऱ्यांदा) 4,200. मला एकटीला तिथे हसू आलं, कारण तुम्ही कंसात सुद्धा कुणाचं नाव लिहिलं नाहीत. मग पान उलटलं. जमेची बाजू. सोसायटी, आत्या, भाऊकाका, आणि शेवटून तिसऱ्या ओळीत दोन शब्द.

आई, तू मला आजवर सांगत आलीस की लॉकरमध्ये आहेत. असू देत. मी काही विचारत नाहीये आणि तूही आता काही सांगू नकोस. फक्त एवढंच, की ती ओळ वाचल्यावर कार्यालयांचे दर विचारत फिरायची माझी इच्छा संपली. ताईचं लग्न छानच झालं, त्यात तिची काडीची चूक नाही. ही गोष्ट तिच्या कानावर घालू नका, तिला उगाच लागेल.

बाबांच्या यादीत 640 नावं आहेत. मी रत्नागिरीत चौकशी केली होती, तुम्हाला वाटेल केलीच नाही. पान 400 रुपयांना धरलं तरी नुसतं जेवणच 2 लाख 56 हजार. हॉल, सजावट, आहेर वेगळे. त्या 640 जणांतल्या किती जणांशी तुम्ही त्या दिवशी धड दोन शब्द बोलू शकाल? ताईच्या वेळी तुम्ही दोघं जेवलात कधी ते आठवतंय? साडेचारला, भटारखान्यात, गार मसालेभात. मी साक्षीला आहे.

आमचं सगळं मिळून 2 लाख 30 हजारांत बसतंय. निम्मे माझ्या पगारातले, निम्मे तुमच्या जावईबापूंच्या. मंगळसूत्र वेगळं, पण ते दोन वाट्यांचं, काळ्या मण्यांत ओवलेलं. तोळा लाखाच्या वर गेलाय, लांब गंठण मला नकोच. (आणि जावईबापूंनाही नुसती अंगठी. चेन त्यांनी स्वतःच नको म्हटलं, मी काही बोलले नव्हते.)

आता "साधं म्हणजे गरिबाचं" असं कुणी म्हणणार नाही एवढं मी बघणार आहे. दिवाळीनंतर आपण दरवर्षी घालतोच तो मांडव. पोफळीचे खांब, वर माडाची झापं. तोच यंदा पंधरा फूट पुढे, पायरीच्या खालपर्यंत न्यायचा. विचार करा, पुण्यात लोक असल्या मांडवाचे डेकोरेटरला लाखभर मोजतात आणि वर त्याला काहीतरी इंग्रजी नाव देतात. आपल्याकडे तो आंबोशी नि सांडगे वाळवायला असतो! अंगण चोपून, सारवून घ्यायचं. चिऱ्याच्या गडग्यावर ओळीने पणत्या. तुळशीवृंदावनाला नुसता गेरू, त्यावर तू काढतेस ती पांढरी ठिपक्यांची रांगोळी, दुसरं काही नाही. फुलं झेंडूची आणि शेवंतीची, बाकी आंब्याचे टाळे. थर्माकोल नाही, प्लॅस्टिकची फुलं नाहीत आणि खुर्च्यांना ते पांढरे सॅटिनचे झगे घालून मागे बो बांधतात ते तर अजिबात नाही. दारात आपल्या गावचा खालूबाजा. एक फोटोग्राफर, तो पण एकच दिवस.

गोरज मुहूर्त मी हट्टाने मागून घेतलाय. ऊन उतरलेलं असतं, बाबांना घाम येत नाही आणि समईच्या उजेडात सगळीच माणसं चांगली दिसतात. गोरी-काळी, जाडी-बारीक, सगळी.

जेवण पंगतीचं. "हातात ताट धरून रांगेत उभं राहायचं म्हणजे काय ते!" असं बाबा प्रत्येक लग्नातून आल्यावर म्हणतात, ते मी विसरलेले नाही. चाळीस-चाळीसच्या दोन पंगती, खाली पाट, ज्यांना खाली बसवत नाही त्यांना शाळेतून बाकं आणायची. केळीची पानं परसातली. साधं वरण-भात, अळूचं फदफदं, वालाची उसळ, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, मसालेभात, जिलबी आणि मठ्ठ्याऐवजी सोलकढी. ओले काजू तोवर आले तर त्यांची उसळ, नाही आले तर कुणाच्या मागे लागायचं नाही. तिकडची माणसं घाटावरची, त्यांना सोलकढी आवडेल की नाही अशी तुला आत्ताच काळजी लागली असेल. मागच्या वेळी सासूबाईंनी तीन वाट्या प्यायल्या, विसरलीस?

आता बाबांच्या मनातली गोष्ट. "आपण सगळ्यांकडे जेवून आलोय, आता आपल्यावर आली तर दार लावून घ्यायचं?" तुमचं बरोबर आहे. यावर माझी दोन रात्री झोप गेली, खरंच. मग मोठ्या काकूशी बोलले आणि तिनेच वाट काढली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सत्यनारायण. अख्ख्या वाडीला तीर्थप्रसादाचं आमंत्रण. शिरा, चहा, चिवडा आणि रात्री भजन. भजनाला नाहीतरी वाडीतला एकही माणूस घरी थांबत नाही. लग्नाला कोण होतं, यापेक्षा पूजेला आपल्याला बोलावलं की नाही हे आपल्याकडे जास्त लक्षात ठेवतात. मुंबईकरांना मी स्वतः फोन करीन, तुम्ही एकालाही स्पष्टीकरण द्यायचं नाही. आहेर कुणाचाच घ्यायचा नाही. तुमच्या आहेराच्या वहीत इतक्या वर्षांत लिहिलेले सगळे आकडे बुडीत गेले असं समजा. हे तुम्हाला जड जाईल, ठाऊक आहे.

पत्रिका पन्नासच छापतेय. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून कागद आणलाय, जाडसर, कडेला थोडा ओबडधोबड. तुम्हाला तो कापायला चुकला असं वाटेल, तसाच असतो तो. पहिली ग्रामदेवतेला, एक कुलस्वामिनीला, एक नोंदणीच्या फाइलला. ग्रामपंचायतीत नमुना 'ड' भरून द्यावा लागतो, त्याला पत्रिका, वयाचे दाखले, फोटो आणि तीन साक्षीदार लागतात. एक साक्षीदार मामा. त्याला आधार कार्ड शोधून ठेव म्हणावं, आत्तापासून शोधलं तर माघापर्यंत सापडेल.

आई, अंतरपाट तू भरायचा. कापड पाठवतेय, साधी पांढरी खादी. मधोमध कुंकवाच्या रंगाचं स्वस्तिक, बाकी मोकळं. बाजारात जरीचे मिळतात, मोरबिर काढलेले, मला ते नकोत. टाके मोठे घाल, दिवसा उजेडात बस, मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला ताण नको. वाकडं झालं तर वाकडं राहू दे. आणि तुझा शालू मी नेसणार आहे. पदराजवळ जर उसवलीय ती इथे रफू करून घेते. पदराच्या टोकाला हळदीचा डाग आहे तो ड्रायक्लीनवाला काढतो म्हणाला, मी नको म्हटलं.

त्या दिवसांत तुम्हाला कसलाही त्रास होणार नाही. पाहुण्यांतलं एकही माणूस आपल्या घरात उतरणार नाही. निम्मे मोठ्या काकूकडे, निम्मे खालच्या वाडीतल्या त्या नव्या होमस्टेत. तुमची खोली, तुमचा पलंग, तुमची न्हाणी तुमचीच. दुपारी दोन ते चार दार लावून झोपायचं, बाहेर मांडवात आग लागली तरी मी विझवीन. इन्व्हर्टरची बॅटरी बदलून घेतेय. आईला कमोडची खुर्ची आणलीच आहे, ती लाजेखातर माळ्यावर टाकू नकोस.

बाबा, तुम्हाला माझ्या बाहुलीचं लग्न आठवतं? याच मांडवात, मे महिन्यात. तुम्ही ड्युटीवरून आलात आणि खाकी शर्टावरच खांद्यावर टॉवेल टाकून भटजी झालात. मंगलाष्टकं अर्धी विसरलात म्हणून मध्ये "शुभमंगल सावधान" सात-आठ वेळा म्हटलंत. जेवायला अकरा पोरं आणि एक मांजर, आईने खरोखरच्या करंज्या केल्या होत्या. रात्री तिथेच गोधडीवर झोपले, तुम्ही वर्तमानपत्राची घडी करून वारा घालत होतात आणि झापांतून चांदण्या दिसत होत्या. मला त्या लग्नाचा खर्च विचारावासा कधीच वाटला नाही.

आता कामाचं. अंगण चोपायला गडी सांगितलाय. बाबांनी चोपणं हातात घ्यायचं नाही, "दोनच हात मारतो" हेही नाही. स्टेंट घातलेल्याला अजून वर्ष झालेलं नाही. माडावर माणूस चढला की खाली उभं राहून ओरडायचं नाही. रक्त पातळ होण्याची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, संपायच्या आत आठ दिवस मला कळवायचं. आईने एकटीने पापड-कुरडयांचा घाट घालायचा नाही. रुखवत मांडायचंच असेल तर पाच पदार्थ, त्याहून जास्त दिसले तर मी वाटून टाकीन. लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या की दोघांनी पहिल्या पंगतीत बसायचं, यजमान म्हणून शेवटी नाही. बाबा, आग्रह करायला तुपाची लोटी फक्त एका रांगेत फिरवायची, मग खुर्चीवर बसायचं.

जिलबी मात्र दोन खा. तीन नाहीत.

तुमची,
धाकटी

ता. क. पोस्टातला तो फॉर्म उद्या सकाळी बंबाच्या विस्तवाला लावा. आई, तू तिथे उभी राहून बघ, आणि मग मला फोन कर.